राखणदाराची चोरी

१

सोमवारी सकाळी फ्रीझरचं जाड दार उघडलं, गार वाफेचा लोट अंगावर आला आणि तो विरल्यावर प्रोफेसरांना दिसलं, की वरच्या कप्प्यातली आपल्या डब्यांची जागा धुऊन पुसून ठेवल्यासारखी रिकामी आहे.

त्यांनी दार लावलं. चष्मा कोटाला पुसला. पुन्हा उघडलं. जागा रिकामीच.

"ताई," ते मागे वळून म्हणाले, "डबे तू हलवलेस का?"

प्रयोगशाळेतली सर्वांत जुनी संशोधक, जिला सगळे ताईच म्हणत, ती शाल गुंडाळून दारात उभी होती. "नाही सर. कुलूप होतं ना? आत्ता तर तुम्ही किल्लीनं उघडलंत."

होतं. कुलूप शाबूत, दार शाबूत, आतला गारठा शाबूत. नव्हत्या फक्त त्या बोटभर कुप्या, ज्यांच्यापायी प्रोफेसरांचे केस पांढरे झाले होते आणि ज्यांच्या भरवशावर त्याच आठवड्यात शेवटचा मोठा प्रयोग सुरू व्हायचा होता.

तासाभरात संस्थेच्या संचालकांनी मोठ्या बाईंना बोलावणं धाडलं.

मोठ्या बाई म्हणजे शवचिकित्सा विभागाच्या प्रमुख. हुद्द्यानं मोठ्या, वयानं मोठ्या आणि आकारमानानंही मोठ्या. हे नाव नेमकं कशावरून पडलं, याच्या खोलात त्या कधी गेल्या नाहीत. "तिन्ही अर्थ खरेच आहेत," त्या म्हणायच्या, "मग भांडायचं कुठल्याशी?" उभी हयात त्यांनी मेलेल्या माणसांची हृदयं हातात घेऊन बघण्यात घालवली होती. संस्थेत काही भानगड झाली की चौकशी त्यांच्याकडेच यायची. कारण त्या कुणाच्या घेण्यात नव्हत्या नि देण्यात नव्हत्या.

संचालक म्हणजे वाळलेली काडी. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. "पोलीस आले की वर्तमानपत्रं आलीच. तेव्हा आधी घरातल्या घरात बघा. आणि मला विचाराल, तर बघण्यासारखं काही नाहीच बाई. किल्ली चौघांकडे. प्रोफेसर, ताई, तो तरुण संशोधक आणि प्राणीघराचा कारभारी. त्यातल्या कारभाऱ्याची बायको आपल्याच रुग्णालयात हृदयविभागात पडून आहे. वजनानं अवाढव्य. आणि चोरीला काय गेलं? लठ्ठ उंदरांची हृदयं वाचवणारं औषध. दोन आणि दोन चार."

"दोन आणि दोन बावीस पण होतात," बाई म्हणाल्या. "शेजारीशेजारी लिहिले तर."

"उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ देतो. मग मी त्याला घरी बसवणार."

२

प्रोफेसर फ्रीझरशेजारच्या स्टुलावर बसून होते. स्टूल त्यांच्याखाली दिसत नव्हतं. बाईंनी दुसरं स्टूल ओढलं आणि त्याही बसल्या, तेव्हा ती चिंचोळी खोली भरून गेली.

"मला सगळं पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या. "मला अर्धं माहीत आहे, तरी सांगा."

प्रोफेसरांनी सुस्कारा सोडला. "लोकांना वाटतं चरबी म्हणजे नुसतं पोतं. भरलं की भरलं. पण ती पोतं नव्हे बाई, ती ग्रंथी आहे. दिवसरात्र रक्तात संप्रेरकं सोडत असते. त्यातल्या एकाला आम्ही राखणदार म्हणतो. तो हृदयाची राखण करतो. स्नायू ताठरू देत नाही, रक्तवाहिन्यांची आग होऊ देत नाही. गंमत अशी, की माणूस लठ्ठ झाला, चरबीच्या पेशी फुगून तट्ट झाल्या, की त्याच राखणदार बनवायचं कमी करतात. घर वाढतं आणि पहारेकरी कमी होतो."

"सगळ्यांचा नाही होत," बाई म्हणाल्या. "माझ्या टेबलावर अशी लठ्ठ माणसं आली आहेत, की हृदय काढावं तर लहान मुलाचं वाटावं."

"तेच! त्यांची चरबी राखणदार बनवत राहिली असावी. म्हणून आम्ही तो बाहेर तयार केला. लठ्ठ उंदरांना टोचला, तर त्यांची हृदयं टिकली. न टोचलेल्यांची गेली. हे एकदा मोठ्या संख्येनं दाखवायचं होतं, तेवढंच उरलं होतं."

"आणि गेलं काय काय? नीट सांगा."

"राखणदाराचा डबा. शिवाय त्याच्या शेजारचा निरोप्याचा डबा. तो घाईत हाताला लागला असेल."

"निरोप्या कोण?"

"तोही चरबीतूनच निघतो. मेंदूला खबर देतो, की अंगात साठा किती आहे. आम्ही तो फक्त तुलनेसाठी ठेवला होता. लठ्ठ अंगाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आमच्यासारख्यांच्या रक्तात निरोप्यांची जत्रा भरलेली असते. मेंदूच बहिरा झालेला असतो. आणखी ओतून काय होणार?"

बाई उठल्या आणि फ्रीझरच्या कप्प्यांवरून त्यांनी नजर फिरवली. दोन्ही डबे शेजारीशेजारी नव्हते. बर्फात उमटलेल्या चौकोनी खुणा साफ दिसत होत्या. राखणदाराची वर उजवीकडे. निरोप्याची त्याच कप्प्यात, पण अगदी मागे डाव्या कोपऱ्यात, आणि पुढ्यात उभे असलेले बाकीचे डबे व्यवस्थित बाजूला सरकवून पुन्हा जागेवर ठेवलेले.

घाईत हाताला लागलेली वस्तू अशी मागच्या कोपऱ्यातून निघत नाही.

"प्रोफेसर," बाईंनी वळून विचारलं, "तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली आहे ना?"

प्रोफेसरांचा चेहरा उतरला. "मी घेतलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"वाटत काहीच नाही. विचारते आहे."

"मोह झाला होता. खोटं कशाला बोलू? इथे एकटा असताना कुपी हातात घेऊन उभा राहिलोय मी. पण टोचून घेतली नाही. भितो मी मरायला."

३

कारभारी प्राणीघरात पिंजरे धूत होता. बाईंना बघून त्यानं नळ बंद केला आणि हात पुसत म्हणाला, "माझंच नाव घेतलंय ना? मला ठाऊक आहे. सकाळपासून जो तो माझ्याकडे असं बघतोय, जणू मी उंदराच्या शेपटीला धरून हत्ती पळवलाय."

"बायको कशी आहे?"

"श्वास घेते, तेवढंच." तो उभ्याउभ्याच भिंतीला टेकला. "बाई, उंदरांना रोज सुई टोचणारा मीच. कुठला डबा कुठे असतो हे मला अंधारातही सांगता येईल. मनात आलं असेल की नाही? आलं असेल. पण ती बाई म्हणजे काय आहे तुम्हाला माहीत नाही. डॉक्टरांच्या हातून सुई घेताना दहा प्रश्न विचारते. मी टोचायला गेलो असतो, तर सुई हिसकून तिनं मलाच टोचली असती."

बाईंना हसू आलं. त्यालाही आलं, आणि मग एकाएकी त्याचे डोळे भरले.

"मला घरी बसवलं तर तिला काय सांगू? तिचं हृदय तेवढं ऐकून घेणार नाही."

तरुण संशोधकाला सगळे नवरदेव म्हणत, कारण तो रोज लग्नाला निघाल्यासारखा कडक इस्त्रीत यायचा. तो दुसऱ्या संस्थेत जाणार असल्याची कुणकुण सगळ्यांना होती, आणि ती संस्थाही याच विषयामागे लागली होती.

"हो, जाणार आहे," तो म्हणाला. "जाणं म्हणजे चोरी नव्हे."

"रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा काहीतरी घेऊन गेलेलं बरं, असं एखाद्याला वाटू शकतं."

नवरदेव हसला, थोडा तोऱ्यातच. "बाई, राखणदार आम्ही दुकानातून आणत नाही. पलीकडच्या खोलीत, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जिवाणू गोठवून ठेवलेले आहेत. ते वाढवायचे, त्यांच्या पोटात तो बनतो. त्या टाकीची किल्ली माझ्या एकट्याकडे आहे. मला न्यायचंच असतं, तर नखाएवढा गोठलेला थेंब नेला असता, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. कोंबडी सोडून अंडी कोण चोरतं?"

टाकीला कुणी हात लावला नव्हता. बाईंनी जाऊन खात्री केली. मुलगा आगाऊ होता, पण बोलत होता ते खरं होतं. ज्यानं चोरी केली त्याला राखणदार बनवायचा नव्हता, विकायचा नव्हता. त्याला तो वापरायचा होता. आणि लवकर.

कुणाला?

४

ताईची खोली म्हणजे प्रयोगशाळेचं माहेरघर. कुणाचं बिनसलं, कुणाचा प्रयोग फसला, की तो तिथे जाऊन बसायचा. ताई गुबगुबीत, गोरीपान, हसरी. आज मात्र खिडकी बंद करून, शाल लपेटून बसली होती.

"बरं नाही का गं?"

"थोडी कसर आहे. या ना बाई, चहा घ्या." तिनं थर्मासमधला चहा ओतून कप पुढे केला. कप घेताना बोटांना बोटं लागली. चहापेक्षा बोटंच गरम होती.

"घरी जाऊन पड ना."

"आजच्या दिवशी घरी गेले, तर चोर मीच ठरेन," ताई म्हणाली आणि हसली.

बाईही हसल्या. मग नेहमीचे प्रश्न झाले. किल्ली कुठे ठेवतेस, शेवटची कधी वापरलीस, कुणावर संशय आहे का. ताईनं सरळ उत्तरं दिली. शनिवारी ती आली होती. नवरदेवही आला होता. कारभारी तर सुटीच्या दिवशीही उंदरांना खाऊ घालायला येतोच.

बाईंची नजर टेबलावरच्या फोटोवर गेली. बिनबाह्यांच्या झग्यातली एक तरुणी, हातात जड बॅग. दंडाचे स्नायू कोरून काढल्यासारखे, आणि त्यावर दोरीसारख्या उठलेल्या शिरा. गाल मात्र खोल गेलेले.

"ही धाकटी बहीण ना तुझी? पैलवान दिसते."

"सगळे तसंच म्हणतात. लहानपणी शाळेत तिला बळंबळं कुस्तीच्या संघात घातलं होतं. जिना चढली तरी धापा टाकते ती." ताईनं फोटो थोडा आपल्याकडे वळवला. "आमच्या घरातली चरबी सगळी माझ्याच वाट्याला आली बघा. तिच्यासाठी काही उरलंच नाही."

तिनं हे गमतीनं म्हटलं. मग घाईघाईनं म्हणाली, "कपात आणखी घालू का?"

५

मंगळवारी दुपारपर्यंत बाई आपल्या खोलीत बसून होत्या. भिंतीवरच्या फळ्यांवर बरण्या होत्या आणि बरण्यांमध्ये हृदयं. लोकांना ती खोली नको वाटायची. बाईंना तिथेच नीट सुचायचं.

सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत होती. औषध लठ्ठ उंदरांचं, तेव्हा ते चोरणारा एक तर लठ्ठ असणार किंवा लठ्ठ माणसासाठी चोरणार. संचालक तसंच म्हणाले. प्रोफेसर स्वतः तसंच समजून घाबरले. कारभारीही त्याच धाग्यात अडकला. पण मग निरोप्या? लठ्ठ माणसाला ज्याचा काडीचा उपयोग नाही, तो डबा कुणी मागच्या कोपऱ्यातून, पुढचे डबे सरकवून, शोधून का काढेल? तो काय आहे हे तर चौघांनाही माहीत होतं.

दोन्ही संप्रेरकं चरबीतून निघतात. दोन्ही एकदम कुणाला हवी असतील?

बाईंची नजर बरण्यांवरून फिरता फिरता थांबली. फार वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलावर एका तरुणाचा देह आला होता. नातेवाईक सांगत होते, बैलासारखा गडी होता. कातडी उघडली, तर खाली चरबीचा कणही नाही. स्नायू थेट कातडीला लागलेले. पण यकृत लोण्यासारखं पिवळं, आणि हृदय जाड, दगडासारखं. ज्याच्या अंगात चरबी ठेवायला जागाच नाही, त्याची चरबी जाणार कुठे? कपाट नसलेल्या घरात सामान जसं जिन्यावर नि दारात पडतं, तशी ती यकृतात नि हृदयात जाऊन पडली होती.

दंड पैलवानाचे आणि जिना चढताना धापा.

*आमच्या घरातली चरबी सगळी माझ्याच वाट्याला आली.*

बाई ताडकन उठल्या. त्यांच्या आकाराला ताडकन उठणं जमत नसे, पण त्या दिवशी जमलं. त्यांनी ताईच्या खोलीत फोन लावला. नवरदेवानं उचलला.

"ताई? ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली बाई. आज एकदम टवटवीत होती. कालचा ताप पार उतरला म्हणाली."

फोन ठेवायचं भान बाईंना राहिलं नाही.

ताप होता. कसर नव्हती, भीती नव्हती. औषध टोचल्यानं अंगात आलेला ताप होता. आणि तो दिवसभरात उतरला. म्हणजे बहिणीला टोचण्याआधी ताईनं स्वतःला टोचून बघितलं होतं. आणि तापातून उठली, म्हणजे औषध चालतं, असं तिला वाटलं होतं.

६

प्रोफेसरांची गाडी लहान होती. पुढच्या दोन सीटवर ते दोघं बसल्यावर गियरला जागा उरली नाही. तरी ती निघाली.

"ताई?" प्रोफेसर तिसऱ्यांदा म्हणाले. "माझा विश्वास बसत नाही."

"पुढे बघा. बस आहे." बाई म्हणाल्या. "माझाही बसत नव्हता. पण ऐका. नवरदेवाला हवे होते जिवाणू, ते जागेवर आहेत. तुम्ही आणि कारभाऱ्याची बायको लठ्ठ, तुम्हाला निरोप्या नको. ज्याच्या अंगात चरबीच नाही, त्याच्याजवळ राखणदारही नाही आणि निरोप्याही नाही. दोन्ही डबे फक्त त्यालाच लागतील. असं माणूस चौघांपैकी एकाच्याच घरी आहे. आपण सगळे जाड माणूस शोधत होतो, प्रोफेसर. शोधायचं होतं बिनचरबीचं."

प्रोफेसरांनी वळण घेतलं आणि हळूच विचारलं, "पण ताईला ताप का आला?"

"ते मला विचारता? औषध बनलं कुणाच्या पोटात?"

"जिवाणूंच्या. त्यांचा कचरा त्यात राहतो. उंदरांना चालेल इतपतच आम्ही गाळतो. माणसासाठी ते घातक आहे."

"ताईचं हृदय धडधाकट आहे. तापात ते घोड्यासारखं धावलं आणि पुन्हा ताळ्यावर आलं. धाकटीचं धावेल का?"

प्रोफेसरांनी गाडीचा वेग वाढवला.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बाईंनी कठडा धरला आणि जिना चढायला घेतला. प्रोफेसर मागे, छातीला हात लावून. दुसऱ्या मजल्यावर ते पायरीवरच बसले आणि हातानंच म्हणाले, तुम्ही जा.

दार धाकटीनंच उघडलं. फोटोतल्यापेक्षा वाळलेली, डोळे मोठे, गळ्यावरची प्रत्येक शीर दिसत होती. एक बाही वर केलेली.

"ताई आहे का?" बाईंना एवढंच बोलता आलं.

"आत आहे. माझं इंजेक्शन चाललंय. तुम्ही कोण?"

बाई तिला बाजूला करून आत गेल्या. खिडकीजवळच्या टेबलावर स्वच्छ पांढरा रुमाल अंथरलेला होता. त्यावर कापूस, दोन छोट्या कुप्या, आणि ताईच्या हातात भरलेली सुई.

"ठेव ती खाली," बाई म्हणाल्या.

ताईनं ठेवली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला, पण हात हलला नाही. "मी आधी स्वतःला टोचून बघितलंय बाई. रविवारी. मी काही आंधळेपणानं..."

"माहीत आहे. काल तुझ्या बोटांना हात लागला तेव्हाच कळायला हवं होतं. तो ताप औषधाचा नव्हता गं. त्यातल्या घाणीचा होता. तू शिकलेली, तूच हे पोरांना शिकवतेस. बहीण समोर आली आणि सगळं विसरलीस?"

"मग करू काय मी?" ताईचा आवाज फुटला. "किती डॉक्टरांना दाखवलं! एक म्हणाला, नीट जेवत जा. दुसरा म्हणाला, व्यायाम कमी कर. व्यायाम! तिच्या आजाराचं नाव मलाच पुस्तकात सापडलं, तोवर हृदय निम्मं गेलं होतं. निरोप्याचं चांगलं औषध परदेशात मिळतं म्हणतात. मी अर्ज केले. उत्तर नाही. आणि इथे फ्रीझरमध्ये डबे भरून पडलेत, उंदरांसाठी! रोज कुलूप उघडते, रोज बघते. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

बाईंनी रुमालावरच्या कुप्या आपल्याकडे ओढून घेतल्या.

"चोरून आणलंस?" धाकटी दारातून म्हणाली. इतका वेळ ती भिंत धरून ऐकत होती. "तू मला म्हणालीस, सरांनी दिलंय."

"तुझ्यासाठीच ना..."

"मला विचारलंस? जीव माझा आहे ताई. मरायचं असलं तरी मला विचारून." तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "लहानपणापासून तूच ठरवतेस. कुठला डॉक्टर, कुठलं जेवण, कुठली शाळा. आता कधी मरायचं तेही तूच ठरव!"

ताईनं तोंड फिरवलं. सुई अजून हातातच होती.

"आणखी एक सांगते," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "संचालक आज संध्याकाळी कारभाऱ्याला घरी बसवणार आहेत. चोर म्हणून. बायको लठ्ठ आहे, एवढाच त्याचा गुन्हा."

ताईनं झटकन वर बघितलं. "कारभारीदादाला? का? मी कुणाला... माझ्या मनातही आलं नाही, की त्याच्यावर..." मग तिनं सुईचं तोंड कापसावर टेकवलं आणि सगळं औषध हळूहळू त्यात उतरू दिलं. कापूस ओला झाला. ती खुर्चीत बसली आणि लहान मुलासारखी रडू लागली.

एवढ्यात प्रोफेसर दारात येऊन पोचले, चौकटीला टेकले आणि धापा टाकू लागले. धाकटी आत गेली, पाण्याचा पेला घेऊन आली, त्यांना दिला आणि शेजारच्या खुर्चीत स्वतः धापा टाकत बसली. एक पर्वताएवढा, एक काटकीसारखी. दोघांची छाती एकाच घाईनं वरखाली होत होती. प्रोफेसरांनी पेला खाली ठेवला आणि तिच्याकडे निरखून बघितलं. आयुष्यभर उंदरांत शोधलेलं कोडं त्यांच्या समोर बसून श्वास घेत होतं, आणि त्याबद्दल काही बोलायची त्यांना लाज वाटली.

"चला," बाई म्हणाल्या. "दोघी चला. हिला आपल्याच रुग्णालयात भरती करू. आणि तू संचालकांकडे. संध्याकाळच्या आत."

७

ताईनं संचालकांच्या समोर उभं राहून सगळं कबूल केलं. पोलिसांत जायचं नाही, यासाठी प्रोफेसरांनी शब्द टाकला. पण नोकरी गेली, आणि ती जाणं रास्तच होतं, असं ताई स्वतःच म्हणाली. उरलेल्या कुप्या वितळून वाया गेल्या. मोठा प्रयोग पुढे ढकलावा लागला, आणि नवरदेव ठरल्याप्रमाणे दुसरीकडे गेला.

धाकटीला हृदयविभागात खाट मिळाली ती नेमकी कारभाऱ्याच्या बायकोच्या शेजारची. कारभारी ताईशी कित्येक दिवस बोलला नाही. ती समोरून आली की तो खिडकीकडे बघायचा. त्याची बायको मात्र पहिल्याच दिवशी धाकटीला म्हणाली, "देवानं वाटणी करताना चूक केली बघ. थोडी माझ्यातली घे."

धाकटीच्या संमतीनं तिचं रक्त तपासलं. त्यात राखणदार जवळजवळ नव्हता, निरोप्याही नव्हता. प्रोफेसरांनी तो निकाल स्वतः तिच्या खाटेपाशी बसून तिला समजावून सांगितला. "राखणदार माणसाला देण्याइतका शुद्ध अजून कुणाजवळच नाही," ते म्हणाले. "तो मी आता तुला देऊ शकत नाही. खोटी आशा लावणार नाही."

मोठ्या बाईंनी निरोप्याचं काम हातात घेतलं. त्यांनी ज्यांना ज्यांना शिकवलं होतं ते आता कुठे कुठे मोठ्या खुर्च्यांवर बसले होते. बाईंनी एकेकाला फोन केला, एकेकाची कानउघाडणी केली. मेलेल्यांच्या हृदयांवर आयुष्य काढलं, एका जित्या हृदयासाठी एवढं करायला काय हरकत आहे, असं त्या म्हणायच्या. शेवटी खास परवानगी मिळाली आणि माणसांसाठी बनवलेलं औषध बर्फाच्या पेटीतून आलं. रोज एक बारीक सुई. ती आता परिचारिका टोचायची.

हृदय काही चमत्कारासारखं बरं झालं नाही. तपासणीत डॉक्टर म्हणाले, आहे तिथे थांबलंय, यकृतातली चरबी मात्र उतरायला लागली आहे. थांबलंय हेही थोडं नव्हतं.

एका दुपारी बाई विभागात चक्कर टाकायला गेल्या. ताई डबा घेऊन आली होती. रक्तपेढीत तिनं साधंसं काम धरलं होतं. थोडी बारीक झाली होती. ती खाटेशेजारी बसून बहिणीच्या ताटात वाढत होती, आणि वाढता वाढता बाईंना सांगत होती, "हिची भूक म्हणजे तुम्हाला सांगते बाई, लहानपणी कपाटाला कुलूप लावावं लागायचं. आई मारायची हिला. जेवून उठली की पाठोपाठ पुन्हा भूक. घरातलं, शेजारचं, काही म्हणजे काही ठेवायची नाही. आम्हाला वाटायचं हावरट आहे. हिच्या मेंदूला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, की..."

ती बोलता बोलता थांबली. धाकटीनं ताट दूर सारलं होतं. त्यात दोन घास उरले होते.

"काय झालं?" ताई घाबरून उठली. "छातीत दुखतंय का? बाई, बघा ना..."

"काही दुखत नाही गं." धाकटी पोटावर हात ठेवून, नवल वाटल्यासारखी त्या दोन घासांकडे बघत होती. "मला आणखी नकोय. हे असं असतं का? पोट भरलं म्हणतात ते?"

ताई पुन्हा खाली बसली आणि डोळे पुसू लागली. पलीकडच्या खाटेजवळ कारभारी बायकोची उशी नीट करत होता. त्यानं मान वळवून बघितलं, उशी सोडली, आणि कोपऱ्यातल्या माठातून पाण्याचा पेला भरून ताईच्या हातात आणून दिला.